ऊसतोडीची उचल एकदम द्यावी की टप्प्याटप्प्याने?

फडकरी: दिवाळीआधी मजुरांची टोळी आणणारा मुकादम एका कोयत्याला, म्हणजे नवराबायकोच्या जोडीला, उचल (हंगामाची आगाऊ मजुरी) देतो आणि मग टनामागे ती फेडून घेतो. सगळा पैसा आधीच हातात पडल्यावर काम टाकून जायचा मोह होणारच, मग त्यावर उपाय म्हणून कोऱ्या कागदावर सह्या, एक दिवस खाडा झाला की दंड. माझं म्हणणं, उचल निम्मी करा, उरलेले पैसे दर पंधरवड्याला थेट खात्यावर, आणि पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, टिकेल त्याला वरून बोनस.

ट्रॅक्टरवाला: निम्म्या उचलीवर कोण येतंय ओ? शेजारचा मुकादम पूर्ण देतो, टोळी तिकडं जाते. माझी टोळी आलीच नाही, त्याच लोकांनी आणखी दोघांकडून उचल घेतलेली, मला कळणार कसं? कारखान्याने टोळीसाठी दिलेला ॲडव्हान्स माझ्या बिलातून कापला, ट्रॅक्टरचे हप्ते चालूच.

कोयत्याची लेक: माझ्या आईवडिलांनी 20 च्या वर हंगाम केलेत म्हणून बोलते. उचल म्हणजे नुसती मजुरी नाही, बहिणीचं लग्न, दवाखाना, दुकानाची उधारी सगळं त्यातच भागायचं, बँक आम्हाला दारात उभी करत नाही. निम्मी केलीत तर उरलेल्या निम्म्यासाठी सावकार. आणि लबाडी फक्त मजूरच करतो का? गाडी कारखान्याच्या वजनकाट्यावर जायची तेव्हा आई उसाच्या फडात, पावती मुकादमाच्या खिशात, टन किती भरले ते तो सांगेल तेवढे. शेवटी हिशोब काय तर 'बाकी फिरली', म्हणजे पुढच्या वर्षी परत त्याच्याकडेच. करार एका हंगामाचा म्हणायचा, माणूस बांधला जातो दहा वर्षं.

फडकरी: काट्याचं पटलं, ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. जानेवारी 2024 मध्ये तोडणीचा दर 34 टक्के वाढला, पण टन किती झाले तेच कळत नसेल तर वाढीव दराचा हिशोब मांडायचा कशावर? प्रत्येक खेपेचं वजन कोयत्याच्या मोबाईलवर गेलंच पाहिजे, ही पहिली अट.

ट्रॅक्टरवाला: जाऊ द्या, माझी ना नाही. पण मग कुणी कुणाची उचल घेतली याचीही नोंद एका जागी सगळ्यांना दिसू द्या.

कोयत्याची लेक: नोंद कोण लिहिणार, मुकादमच ना? माझी आई पोटाच्या ऑपरेशनसाठी हंगाम अर्धवट टाकून गावी आली होती. तुमच्या नोंदीत ती 'पळाली' म्हणूनच लागली असती.