शब्दचर्चा : 'कमी चिकट द्रव' की आणखी काही? (बोलणाऱ्यांची नावं त्यांच्या नाशिकमधल्या भागांवरून)

पंचवटी : जड अणुकेंद्रांच्या टकरींवर एक मराठी टिपण तयार होतंय. या टकरींत प्रोटॉन-न्यूट्रॉन वितळून त्यांच्या आतले क्वार्क आणि ग्लुऑन मोकळे होतात, तो क्वार्क-ग्लुऑन प्लाझ्मा हा 'लो व्हिस्कॉसिटी फ्लुइड' आहे, याला 'कमी चिकट द्रव' म्हटलं तर चालेल?

गंगापूर रोड : दोन्ही शब्द बदला. चिकटपणा म्हणजे बोटाला, भांड्याला धरून राहणं. इथे विरोध आतला आहे, एक थर शेजारच्या थरावरून सरकताना होणारा. त्याला श्यानता हा रुळलेला शब्द आहे. संस्कृतात श्यान म्हणजे थिजलेलं, दाट झालेलं. द्रवाऐवजी द्रायू घ्या, त्यात द्रव आणि वायू दोन्ही येतात. आणि 'हायड्रोडायनॅमिक्स'ला जलगतिकी अजिबात नको, द्रायुगतिकी म्हणा.

कॉलेज रोड : खरी चूक 'कमी' या शब्दात आहे. या द्रायूची श्यानता शंभर अब्ज पास्कल-सेकंदांच्या घरात जाते, पाण्याची जेमतेम ०.००१. म्हणजे तो डांबरापेक्षाही दाट! कमी आहे ते श्यानता आणि एंट्रॉपी-घनता (दर घनफळामागची एंट्रॉपी, म्हणजे अव्यवस्थेचं माप) यांचं गुणोत्तर. कोवटुन, सोन आणि स्टारिनेट्स या भौतिकशास्त्रज्ञांनी २००५ मध्ये सुचवलेली त्याची किमान मर्यादा नैसर्गिक एककांत १/४π, म्हणजे सुमारे ०.०८. खोलीच्या तापमानाचं पाणी तिच्या जवळपास ३८० पट वर, हा द्रायू मात्र एक ते तीन पट. म्हणून 'एंट्रॉपीच्या मानाने अत्यल्प श्यानता' असं पूर्ण लिहा. लांबलं तरी चालेल.

पंचवटी : पटलं. पण काही हजार कणांच्या गर्दीला द्रायू म्हणायचं कशाच्या बळावर?

नाशिकरोड : गोदेचा पूर आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आलं त्यावरून सांगतो, रेणू मोजत नाही. इथेही ऊर्जाघनता, दाब आणि वेग एवढंच धरतात. टकरीनंतर साधारण ०.६ ते १ फर्मी (एक फर्मी म्हणजे १०⁻¹⁵ मीटर) भागिले प्रकाशवेग एवढ्या काळाने संगणकावरचं गणित सुरू होतं, त्यासाठी जागेची जी जाळी आखतात तिचं घर ०.१-०.२ फर्मीचं. श्यान द्रायूच्या प्रवाहाची साधी नेव्हिए-स्टोक्स समीकरणं सापेक्षतेत प्रकाशापेक्षा वेगवान संकेत देतात आणि अस्थिर होतात, म्हणून इस्रायल-स्टुअर्ट पद्धतीत श्यानतेमुळे येणाऱ्या ताणाला शिथिलन-काळ, म्हणजे बदलाशी जुळवून घ्यायला थोडा वेळ, देतात. तरीही विरळ कडांवर श्यान ताण दाबापेक्षा मोठा होतो आणि गणना कोसळते. कडेचा ताण कापून गणना चालवली असेल तर तसं टिपणात नोंदवाच, नाहीतर बाहेरच्या भागातले आकडे वाचणाऱ्याला फसवतील.

पंचवटी : शेवटी द्रायूचं वर्णन संपून सुटे कण उरतात, त्या 'फ्रीझ-आउट'ला गोठण लिहू?

नाशिकरोड : गोठण वाचलं की बर्फ डोळ्यांसमोर येतो, आणि इथे घन काहीच होत नाही. सुमारे १५० मेगाइलेक्ट्रॉनव्होल्ट तापमानाच्या पृष्ठावर कूपर-फ्राय सूत्राने द्रायूचे कण करतात. पुढच्या धडका हॅड्रॉनच्या (क्वार्कांपासून बनलेल्या प्रोटॉनसारख्या कणांच्या) वेगळ्या गणनेत चालतात आणि त्या थांबल्या की कण मोकळे उडतात. पृष्ठाच्या काही तुकड्यांवर आत शिरणारे कण ऋण संख्येने येतात, तेही तपासा.

गंगापूर रोड : 'कण सुटणं' बरं. वाक्य असं करा : 'या पृष्ठावर द्रायूचे कण होतात आणि धडका संपल्या की ते सुटतात.'