फोनच्या ब्राउझरमध्ये पासवर्ड आपोआप भरला जात नाही

प्रश्न: आईच्या अँड्रॉइड फोनवर बिटवॉर्डन (पासवर्ड जपून ठेवणारं अ‍ॅप) टाकून दिलंय. इतर अ‍ॅपमध्ये पासवर्ड बरोबर सुचवतो, पण ब्राउझरमध्ये वीजबिलाची साइट उघडली की काहीच येत नाही. दर वेळी कॉपी-पेस्ट करायला तिला जमत नाही. काय राहिलंय?

उत्तर: क्रोम वापरत असाल तर त्याची वेगळी सेटिंग आहे. क्रोमच्या सेटिंग्जमध्ये ‘ऑटोफिल सेवा’ उघडा, दुसरी सेवा वापरण्याचा पर्याय निवडा आणि क्रोम बंद करून पुन्हा उघडा. फोनच्या सेटिंगमध्ये बिटवॉर्डन आधीच निवडलेलं हवं. बिटवॉर्डनमध्ये नोंदवलेला साइटचा पत्ताही तपासा. पत्ता जुळला तरच सुचवतो, आणि हेच मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एसेमेसमधल्या खोट्या लिंकवर गेलात तर पासवर्ड पुढे येतच नाही. माणसाची नजर चुकते हो, एक अक्षर इकडचं तिकडे असलं तरी कळत नाही.

आणखी एक: मास्टर पासवर्ड, म्हणजे बिटवॉर्डन उघडायचा मुख्य पासवर्ड, विसरला तर कंपनीही तो काढून देऊ शकत नाही. आईंना तो कागदावर लिहून एलआयसीच्या फाइलीत ठेवायला सांगा.

प्रश्नकर्ता: झालं! आता चौकटीला बोट लावलं की कीबोर्डच्या वर नाव दिसतं. मनापासून आभार.