प्रतिसाद: नुसते तंतू मिसळून भागत नाही
तागाचे तंतू घातले की पीएलए (पॉलिलॅक्टिक अ‍ॅसिड, वनस्पतींपासून बनवलेलं प्लास्टिक) मजबूत होतं, असं मूळ लेखात म्हटलंय. ताठपणा वाढतो हे खरं. मजबुती मात्र तंतू आणि प्लास्टिक यांची एकमेकांवरची पकड किती घट्ट, त्यावर ठरते. तागाला पाणी प्रिय, पीएलएला नकोसं. पकड ढिली असेल तर मोडलेल्या तुकड्याच्या कडेला तंतू ब्रशच्या केसांसारखे बाहेर डोकावतात आणि शेजारी निसटलेल्या तंतूंची रिकामी भोकं दिसतात. म्हणून तंतू आधी कॉस्टिक सोड्याच्या पातळ द्रावणात धुतात; मेण, पेक्टिन (वनस्पतीतला चिकट पदार्थ) निघून पृष्ठभाग खरबरीत होतो आणि पकड चांगली बसते.

खरा घोळ धुतलेले तंतू सुकवण्यात होतो. ओल राहिली तर वितळवताना पीएलएच्या रेणूंच्या लांब साखळ्याच तुटतात. शिवाय पीएलए वितळतं १७० अंश सेल्सिअसच्या आसपास, आणि २०० च्या पुढे तंतू करपायला लागतात. म्हणजे हात राखूनच तापवायचं.