देवी मानत नाही, पण वर्तुळात उभा राहतो. चालतं का?

निंबोळी
लीड्सला आठ वर्षं झाली. ऑफिसातली एक बाई विक्कन आहे, म्हणजे विक्का पाळते: देवी मानणारा, मंत्रतंत्र करणारा एक नवा पेगन धर्म. परवा ३१ ऑक्टोबरला तिच्या परसात साउइनला गेलो होतो. पेगन म्हणजे ख्रिस्ती धर्माआधीचे देव आणि निसर्ग पुजणारे लोक. त्यांचे वर्षाचे आठ सण असतात, त्यातला हा पितरांचा. वारा होता म्हणून मेणबत्त्या जॅमच्या बाटल्यांत ठेवलेल्या. एका वाटीत मीठ, एकीत पाणी. तिने काळ्या मुठीच्या सुरीने हवेत गोल आखला, चारी दिशांना बोलावलं, आणि मग प्रत्येकाने आपल्या गेलेल्या माणसाचं नाव घ्यायचं होतं. मी आजीचं नाव घेतलं आणि पुढे बोलताच येईना.

मी शाळेपासून नास्तिक. घरी गणपतीत टाळ वाजवतो, पण ते आईसाठी. निघताना तिला विचारलं, माझ्यासारखा माणूस इथे चालतो का? ती म्हणाली, "तू काय मानतोस ते तुला कुणी विचारलं का?"

खरंच कुणी विचारलं नव्हतं. 'कुणाला इजा होत नसेल तर हवं ते कर' एवढाच यांचा मोठा नियम. त्यामुळे माझं मत: चालतं. तुमचं?

कंदील
पूर्ण असहमत. परसातला गोल सगळ्यांना खुला असतो, त्यावरून विक्का जोखू नका. विक्का लोकांसमोर आणणाऱ्या गार्डनरच्या परंपरेतल्या कोव्हनमध्ये, म्हणजे बंदिस्त मंडळात, दीक्षा असते, तिच्या तीन पायऱ्या असतात. त्यातल्या 'चंद्र उतरवणे' या विधीत पुजारीण देवीला स्वतःत उतरवते आणि मग देवी म्हणूनच बोलते, 'मी' असं म्हणत. आपल्याकडे याला अंगात येणं म्हणतात, समजावून सांगायची गरज नाही. आता समोर उभ्या असलेल्या नास्तिकाने काय करायचं? बाई अभिनय करतेय असं मनात म्हणत मान लववायची? हा त्या बाईचाही अपमान आहे.

निंबोळी
पण ती जे बोलते, त्या मजकुराला आजचं रूप गार्डनरच्या मंडळातल्या पुजारीण डोरीन व्हॅलिएंटे यांनी १९५० च्या दशकात दिलं. त्याच्या शेवटी देवीच सांगते की जे शोधतोयस ते तुझ्या आत सापडलं नाही, तर बाहेर कधीच सापडणार नाही. हे तर मला सोयीचंच आहे.

कंदील
आत सापडते म्हणजे नसते असं नाही. तुकोबांचा विठ्ठलही आत होता. त्यांना नास्तिक म्हणणार का?

शेवटचा बाक
थोडा इतिहास. जेराल्ड गार्डनर मलायात कस्टम्समध्ये नोकरीला होता. निवृत्त होऊन इंग्लंडला आला आणि १९३९ मध्ये आपल्याला जुन्या चेटकिणींच्या मंडळात घेतलं असं सांगू लागला. १७३५ चा चेटूकविरोधी कायदा १९५१ मध्ये रद्द झाला आणि १९५४ मध्ये गार्डनरचं पुस्तक आलं. ख्रिस्तपूर्व काळापासून लपत आलेला धर्म, असा दावा. १९९९ मध्ये रोनाल्ड हटन या इतिहासकाराने कागदपत्रं तपासून दाखवलं की हे सगळं विसाव्या शतकातलं काम आहे. गंमत अशी की बऱ्याच विक्कनांनी ते मान्य केलं आणि पुढच्या पौर्णिमेला पुन्हा वर्तुळात उभे राहिले. ज्यांना मूळकथा खरी नसली तरी चालते, त्यांना देवी रूपक असली तर का चालू नये?

आइसलंडमध्ये ओडिन-थॉर या जुन्या नॉर्स देवांच्या उपासकांची संस्था १९७२ पासून आहे. आठ पायांच्या घोड्यावरचा एकाक्ष देव खरोखर आहे असं कुणी मानत असेल असं वाटत नाही, हे त्यांच्या प्रमुखानेच जाहीर सांगितलंय. तरी त्यांचे विधी चालूच आहेत.

कंदील
आजोबा काशीहून आले ही घरातली थाप निघाली म्हणून आजोबाच नव्हते असं होत नाही. इतिहास खोटा पडला, देवी नाही. आणि आइसलंडवाले विक्कन नाहीत, पेगन शब्दाखाली सगळे एकाच पिशवीत कोंबू नका.

भागाकार
तुम्ही दोघं देवावरच अडलाय. माझी अडचण वेगळी आहे. देवीला रूपक म्हणता येतं, मंत्रतंत्राला कसं म्हणणार? हिरवी मेणबत्ती लावली की पैसा येतो, हा या जगातल्या घटनेबद्दलचा दावा आहे. तो खरा तरी असतो नाहीतर खोटा. 'मनाला धीर येतो' म्हणाल तर सरळ धीर म्हणा, जादू का म्हणता?

आणि त्यांचा तिपटीचा नियम: जे पाठवाल ते तिप्पट होऊन परत येईल. देव काढून टाकल्यावर ही वही लिहितो कोण? तिप्पटच का, सव्वापट का नाही?

पोथीनिष्ठ
वही लिहायला देव लागतोच असं नाही. हा प्रश्न आपल्या पूर्वमीमांसकांनी, म्हणजे वेदातल्या यज्ञकर्माचा अर्थ लावणाऱ्या दर्शनाच्या पंडितांनी, फार आधी सोडवला होता. त्यांच्यातले भाष्यकार शबरस्वामी यांच्या मते देवतेला शरीर नाही, ती हवि खात नाही. 'इंद्राय' म्हणायचं ते आहुती कुणाच्या नावाने एवढं ठरवायला. चतुर्थी विभक्ती, बस. यज्ञ केला की 'अपूर्व' नावाची शक्ती उत्पन्न होते आणि तीच पुढे फळ देते. जगाचा कर्ता ईश्वर त्यांच्यानंतरचे मीमांसक कुमारिल यांनीही नाकारला. इतके कडक कर्मकांडी, आणि ईश्वराशिवाय! तेव्हा नास्तिकाने वर्तुळ आखलं तर मला नवल नाही.

भागाकार
वा, आवडलं. पण यात माझाच मुद्दा पक्का झाला. देव गेला आणि त्याच्या खुर्चीत अपूर्व येऊन बसलं. न दिसणारं, न मोजता येणारं. मीमांसक निरीश्वरवादी होते, माझ्या अर्थाने नास्तिक नव्हते. निंबोळी, तू नक्की कोण आहेस?

सुईदोरा
अवांतर. इथे चेटकीण हा शब्द हौसेने मिरवला जातोय. आपल्याकडे डाकीण म्हटलेल्या बाईला गाव मारतं. वाचताना पोटात गोळा आला एवढंच सांगायचं होतं.

शेवटचा बाक
अवांतर नाही. त्यांनीही तो शब्द अपमान होता हे ठाऊक असूनच उचललाय. पण तो मिरवायची किंमत इथे आणि तिथे सारखी नाही, हे खरं.

कंदील
सरळ प्रश्न. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड-वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी धर्म म्हणून पेगन लिहिलं, १३,००० जणांनी विक्का. निंबोळी, तू काय भरलंस?

निंबोळी
'धर्म नाही' वर खूण केली. आजही तीच करेन.

भागाकार, हिरव्या मेणबत्तीचं तुझं म्हणणं मान्य. ते मी करत नाही, करणारही नाही. पण आजीचं नाव मी बारा वर्षांत मोठ्याने घेतलं नव्हतं. श्राद्धाला गुरुजी घेतात, मी नुसता पाणी सोडतो. तिथे परक्या लोकांत, पावसात, माझ्यावर पाळी आली म्हणून घेतलं.

यूलला, म्हणजे डिसेंबरातल्या त्यांच्या सणाला, पुन्हा बोलावलंय. ब्रेड माझ्याकडे आहे.

कंदील
जा. पण चंद्र उतरवतील तेव्हा बाजूला उभा राहा.