मदत हवी आहे: गोवामुक्तीवर पीएचडी करायची आहे, राज्यशास्त्रात भरू की इतिहासात?

मुक्ता_कोथरूड:
घाईत लिहितेय. १९५५ ते १९६१ मध्ये गोव्याचा प्रश्न संयुक्त राष्ट्रसंघात कसा गाजला आणि त्याच वेळी पुण्यातून निघालेल्या सत्याग्रहींच्या तुकड्यांमुळे दिल्लीच्या धोरणावर काही दबाव आला का, यावर पीएचडी करायची आहे. राज्यशास्त्रवाले म्हणतात हा इतिहास झाला, इतिहासवाले म्हणतात हे आंतरराष्ट्रीय संबंध. अर्जाची मुदत याच आठवड्यात संपतेय. कुठे भरू? लवकर सांगा, प्लीज.

नारायणपेठी:
एमए कशात? नेट (राष्ट्रीय पात्रता परीक्षा) झालीय का? नोकरी करता का? गाईड बघितलाय का? यातलं काहीच लिहिलेलं नाही.

मुक्ता_कोथरूड:
एमए झालंय, नेटही आहे. गाईड प्रवेशानंतर मिळतो ना? मला फक्त विभाग सांगा.

नारायणपेठी:
नुसतं नेट आहे म्हणून चालत नाही. जून २०२४ पासून तीन कॅटेगरी आहेत: जेआरएफ (संशोधनासाठी अधिछात्रवृत्ती), सहायक प्राध्यापक अधिक पीएचडी, आणि फक्त पीएचडी. शेवटच्या दोन्हींत नेटला ७० टक्के आणि मुलाखतीला ३० टक्के वजन, आणि तो स्कोअर प्रवेशासाठी एकच वर्ष चालतो. तुमची कॅटेगरी कोणती आणि विषय कोणता?

दख्खनचा_मावळा:
ताई, गोव्यावरच करायचं तर मराठे आणि पोर्तुगीज घ्या. १७३९ ची वसई आहे, चिमाजी अप्पा आहेत. पेशवे दफ्तर आपल्या पुण्यात, पण मोडी वाचणारी माणसं किती उरलीत? आधी मोडी शिका. एकोणिसशे पंचावन्नवर कोणीही लिहील.

लेस्टरकर:
पुण्यात अडकूच नका. बाहेर अर्ज करा. इथे इंग्लंडात तीन-चार वर्षांत प्रबंध होतो, तिकडे पुण्यात दहा-दहा वर्षं रखडतात.

नारायणपेठी:
दहा वर्षं कुठून आली? २०२२ च्या यूजीसी नियमांत किमान तीन, कमाल सहा वर्षं आहेत. आणि बाहेरची फी कोण भरणार? इथे जेआरएफ मिळाली तर पहिली दोन वर्षं महिना ३७ हजार मिळतात. नसेल तर सारथी, बार्टी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्या आहेत, ज्याला जी लागू होईल ती.

सुयश_एमपीएससी:
पीएचडी केल्यावर परराष्ट्र सेवेत थेट घेतात का? की यूपीएससी द्यावीच लागते?

लेस्टरकर:
द्यावीच लागते. वेगळा धागा काढा.

शिल्पा_अभिलेख:
मुक्ता, विभाग विषयावरून ठरवू नकोस, कागदांवरून ठरव. तुझा प्रश्न दोन तुकड्यांचा आहे. पहिला मुत्सद्देगिरीचा. पोर्तुगाल १९४९ पासून नाटोत, १९५५ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रसंघात आला आणि त्याच महिन्यात दादरा-नगरहवेलीला जाण्याच्या वाटेच्या हक्कावरून भारताला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचलं. तो निकाल १९६० चा. पुढे १८ डिसेंबर १९६१ ला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव सोव्हिएत नकाराधिकारामुळे पडला. यावर अमेरिकी परराष्ट्र खात्याचे छापील दस्तऐवज इंटरनेटवर फुकट आहेत, दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या 'अभिलेख पटल'वरही शोध घेता येतो.

दुसरा तुकडा पुण्याचा. मे १९५५ मध्ये नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट सत्याग्रहींना घेऊन गोव्याच्या हद्दीत शिरले, १५ ऑगस्टला सत्याग्रहींवर पोर्तुगीजांचा गोळीबार झाला. हे सगळं वर्तमानपत्रांच्या बांधीव फायलींतून काढावं लागतं. मी त्या काळच्या फायली चाळल्या आहेत. पानं कडेला मोडतात, दोन्ही हातांनी उचलून उलटावी लागतात. पण गोळीबाराच्या दुसऱ्या दिवसापासून बातमीचा सूर कसा चढतो ते तिथे रकान्या-रकान्यात दिसतं, सरकारी तारांमध्ये ते सापडत नाही. हा तुकडा मुख्य ठेवलास तर इतिहास, पहिला ठेवलास तर राज्यशास्त्र. दोन्ही सारखे ठेवलेस तर दोन्हीकडून नकार येणारच.

आणि गाईड नंतर मिळतो हे डोक्यातून काढ. प्राध्यापकाला आठ, सहयोगीला सहा, सहायकाला चारच विद्यार्थी घेता येतात. जागा रिकामी नसेल तर विषय कितीही चांगला असला तरी उपयोग नाही. उद्या सकाळी जाऊन आधी कोणाकडे जागा आहे ते विचार.

दख्खनचा_मावळा:
फायली बरोबर, पण मोडी तरीही शिकावी.

मुक्ता_कोथरूड:
धन्यवाद शिल्पाताई. एमए इतिहासात, नेटही इतिहासातच, तिसरी कॅटेगरी. कनिष्ठ महाविद्यालयात पूर्णवेळ शिकवते. यामुळे फरक पडतो का?

नारायणपेठी:
हे पहिल्याच ओळीत हवं होतं! मग इतिहासातच भरा. स्कोअर वर्षभरात संपतोय आणि राज्यशास्त्राच्या मुलाखतीत पहिला प्रश्न विषयबदलाचाच येईल. पूर्णवेळ नोकरी आहे म्हणजे अर्धवेळ पीएचडी, त्याला कॉलेजचं ना-हरकत पत्र लागतं. प्राचार्य रजेवर जायच्या आत सही घ्या.

शिल्पा_अभिलेख:
मुत्सद्देगिरीचा भाग सोडू नकोस मात्र. आंतरविद्याशाखीय विषयाला बाहेरचा सहमार्गदर्शक घेता येतो. राज्यशास्त्रातल्या कोणाला तरी आत्ताच विचारून ठेव. लिस्बनच्या कागदांसाठी पोर्तुगीज लागेल, तेही प्रस्तावात लिही, नाहीतर मुलाखतीत अडकशील.

मुक्ता_कोथरूड:
प्राचार्यांना आत्ताच फोन केला, उद्या अकराला बोलावलंय. शीर्षक असं बदललंय: 'गोवामुक्तीचा सत्याग्रह आणि भारताचं परराष्ट्र धोरण: पुण्याची भूमिका, १९५५ ते १९६१'. जमतंय का? आणि पुण्यात कोणी संध्याकाळी पोर्तुगीज शिकवतं का?