गॅलिलिओच्या आधीचे हजार वर्षं जुने आक्षेप

‘ॲरिस्टॉटलला दोन हजार वर्षं कुणी हात लावला नाही, थेट गॅलिलिओनेच’, असं गतीच्या कल्पनांबद्दल म्हटलं जातं, पण ते तितकंसं खरं नाही. सहाव्या शतकातच अलेक्झांड्रियाच्या जॉन फिलोपोनस या तत्त्वज्ञाने ॲरिस्टॉटलला चांगलंच धारेवर धरलं होतं.

ॲरिस्टॉटलचं म्हणणं असं: हातातून सुटलेला दगड पुढे जातो, कारण मागची हवा त्याला ढकलते. फिलोपोनस विचारतो, मग दगड हातात धरायचाच कशाला? काठीच्या टोकावर ठेवा आणि वाटेल तेवढी यंत्रं लावून मागून हवा सोडा. तो हातभरही हलणार नाही! म्हणजे फेकणारा दगडातच काहीतरी जोर भरतो. जड वस्तू वजनाच्या प्रमाणात लवकर पडते, हे ॲरिस्टॉटलचं म्हणणंही त्याने खोडलं: एक वजन दुसऱ्याच्या कितीतरी पट असलं, तरी पडायच्या वेळेत फरक अगदी किरकोळ.

हा ‘भरलेला जोर’ त्याच्या मते आपोआप ओसरतो. चौदाव्या शतकात पॅरिसच्या ब्युरिदाँ या तत्त्वज्ञाने नेमकं तेच बदललं: अडथळा आला तरच तो संपतो. अर्थात हा न्यूटनचा जडत्वाचा नियम नव्हे. न्यूटनच्या नियमात गती टिकायला जोर लागत नाही; ब्युरिदाँच्या मते मात्र गती टिकवायलाही वस्तूच्या आत जोर लागतोच.

आणि गॅलिलिओच्या सुरुवातीच्या लिखाणात फिलोपोनसचं नाव चक्क येतं.