'व्ही' (१९८३) : पहिल्या दोन रात्रींवरच थांबावे का?

संध्यारंग

केनेथ जॉन्सन यांनी लिहिलेली आणि दिग्दर्शित केलेली 'व्ही' ही मालिका अमेरिकेतील एनबीसी वाहिनीवर १ आणि २ मे १९८३ अशा दोन रात्रींत दाखवली गेली. दिवाळीला भाऊ तिकडून आला तेव्हा तिची ब्लू-रे डिस्क घेऊन आला, आणि आम्हीही ती मुद्दाम दोन रात्रींतच पाहिली. ज्यांनी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. पन्नास महाकाय याने जगातील मोठ्या शहरांवर येऊन थांबतात. त्यांतून उतरणारे 'पाहुणे' दिसायला माणसांसारखेच असतात. आमच्या ग्रहाला काही रसायने हवी आहेत, बदल्यात आमचे ज्ञान देऊ, असे ते सांगतात. आणि पाहता पाहता वृत्तवाहिन्या, पोलीस आणि शासन त्यांच्या मुठीत जाते. माणसाच्या कातडीखाली ते सरड्यासारखे प्राणी आहेत, आणि त्यांना पृथ्वीवरचे पाणी व खाण्यासाठी माणसे हवी आहेत, हे मागाहून उघड होते.

माझे म्हणणे असे की 'व्ही' या दोन भागांतच पूर्ण होते आणि पुढचे काही पाहू नये. मे १९८४ मध्ये 'द फायनल बॅटल' नावाचे तीन भाग आले. जॉन्सन त्यातून मध्येच बाहेर पडले, आणि त्यांच्या नावाऐवजी तिथे टोपणनाव दिसते. त्यानंतर १९ भागांची साप्ताहिक मालिका आली, तिच्याविषयी न बोललेलेच बरे. मूळ दोन भागांचा विषय परग्रहवासी हा नाहीच. अमेरिकेत हुकूमशाही आली तर काय होईल, अशी जॉन्सन यांची मूळ संहिता होती आणि वाहिनीच्या आग्रहामुळे तिच्यात याने आली. म्हणून कॅमेरा सतत शेजाऱ्यापाजाऱ्यांवर आहे: कोण दार उघडते, कोण खिडकीचा पडदा ओढून घेते, कोण नव्या गणवेशाच्या लोभाने घरच्यांचीच माहिती पुरवते.

एकच प्रसंग सांगतो. अब्राहम बर्नस्टाइन हे नाझी छळातून वाचलेले वृद्ध गृहस्थ आहेत. काही मुले पाहुण्यांच्या भित्तिपत्रकावर लाल रंगाचा स्प्रे उडवत असतात. म्हातारा जवळ येतो तशी मुले दचकतात, आता रागावणार असे त्यांना वाटते. तो शांतपणे त्यांच्या हातातला डबा घेतो, हसऱ्या पाहुण्यांच्या चित्रावर एकच मोठा 'व्ही' काढतो, त्याचा अर्थ विजय असा सांगतो आणि तुमच्या मित्रांनाही जाऊन सांगा म्हणतो. रंगाचे ओघळ खाली येत राहतात. जानेवारी १९४१ मध्ये बीबीसीच्या बेल्जियन विभागातील व्हिक्टर द लावले यांनी नाझींनी व्यापलेल्या देशातील लोकांना हेच अक्षर भिंतींवर लिहायला सांगितले होते, हे ज्याला ठाऊक आहे त्याला त्या म्हाताऱ्याची स्मरणशक्ती त्या एका रेषेत दिसते.

गिरगावकर

संध्यारंग, आपले लेखन आवडले, पण निष्कर्ष अजिबात मान्य नाही. प्रतिकाराची गोष्ट ऐन रंगात आणून, पाहुण्यांच्या शत्रूला अवकाशात एक संदेश पाठवून, उत्तर येते की नाही हेही न सांगता पडदा पाडायचा, याला पूर्णत्व कसे म्हणावे? 'फायनल बॅटल'मध्ये लाल भुकटीने पाहुण्यांचा पाडाव होतो आणि शेवटी माणूस व पाहुणा यांच्या संकरातून जन्मलेल्या मुलीच्या अंगातून प्रकाश निघून यान वाचते, हे मलाही पटत नाही. पण त्याच भागांत प्रतिकाराचे नेतृत्व करणारी ज्युलिएट पॅरिश पकडली जाते, पाहुण्यांपैकी डायना यंत्राच्या बळावर तिचे मन वळवण्याचा प्रयत्न करते, आणि सुटून आल्यावर तिचेच सहकारी तिच्याकडे संशयाने पाहतात, एवढेच नव्हे तर तिचाही स्वतःवरचा भरवसा उरत नाही. छळछावणीतून परतलेल्या माणसाचे असे चित्र पहिल्या दोन भागांत कुठे आहे?

शिवाय आपण ज्या मूळ भागांची एवढी बाजू घेता, त्यांतही दोन मोठ्या उणिवा आहेत. पहिली म्हणजे सरडे. समोरचा माणसे खाणारा प्राणी आहे असे एकदा ठरले, की त्याला विरोध करायला विवेक लागत नाही, नुसती किळस पुरते. दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. जर्मनीत ज्यूंचे जे झाले ते इथे शास्त्रज्ञांचे होते. शास्त्रज्ञांचा द्वेष करणारा समाज कुठे आहे? ज्यांच्याविषयी प्रेक्षकाच्या मनात आधीपासून काहीच आकस नाही, अशांना बळी ठरवले की प्रेक्षकाला स्वतःकडे पाहावेच लागत नाही. तो आरामात चांगल्यांच्या बाजूला बसतो.

फिल्मरीळ

गिरगावकर आणि संध्यारंग, दोघांच्याही बोलण्यात एक गोष्ट सुटली आहे, ती म्हणजे मधला वर्षभराचा काळ. १९८३ च्या प्रेक्षकाने तो संदेश अवकाशात जाताना पाहिला आणि पुढचे पाहायला त्याला बारा महिने थांबावे लागले. आज दोन्ही संच फळीवर शेजारी असतात. एक डिस्क काढून दुसरी लावायला अर्धा मिनिट पुरतो, आणि जो शेवट वर्षभर मनात टोचत राहिला असता तो मध्यंतरासारखा वाटू लागतो. घरी पाहण्याची ही सोय या मालिकेला मारक ठरली आहे, असे मला प्रामाणिकपणे वाटते.

चित्राविषयी थोडेसे. मालिका ३५ मिमी फिल्मवर चित्रित झालेली असल्यामुळे ब्लू-रेवर ती उत्तम दिसते. डिस्कवर रुंद चौकट आहे. त्या काळच्या घरगुती टीव्ही संचांवर ती जवळपास चौकोनी दिसली असणार. शहरावर थांबलेले यान काचेवर रंगवलेले आहे हे आता लपत नाही, आणि डायना गिनीपिग गिळते त्या प्रसंगी जबडा उघडतानाचे बनावट डोके स्पष्ट ओळखू येते. तरीही माझ्या बारा वर्षांच्या मुलीने तिथे माझा हात घट्ट धरला होता.

संध्यारंग

फिल्मरीळ, वर्षभराच्या अंतराचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, आणि तो माझ्याच बाजूचा आहे.

गिरगावकर, सरड्यांविषयी आपण म्हणता ते वरवर पाहता बिनतोड आहे, पण घटनांचा क्रम पुन्हा आठवून पाहा. माइक डोनोव्हन हा बातमीदार कॅमेरामन चोरून यानात शिरतो, मुखवटा फाटून आतली हिरवी कातडी दिसते, त्याचे चित्रण घेऊन तो वाहिनीत पोहोचतो, आणि आता ते प्रसारित होणार इतक्यात पाहुणे प्रक्षेपणच ताब्यात घेऊन शास्त्रज्ञांच्या कटाची बातमी देतात. म्हणजे सत्य आपल्याला कळते, शहराला कळत नाही. अब्राहमचा नातू डॅनियल बर्नस्टाइन पाहुण्यांच्या युवक संघटनेत जाऊन आपल्याच घरात लपलेल्या मॅक्सवेल या शास्त्रज्ञाच्या कुटुंबाची खबर देतो, तेव्हा त्याच्या दृष्टीने पाहुणे ही त्याला पिस्तूल, गणवेश आणि मान देणारी माणसेच असतात. पाहुण्यांची प्रवक्ती झालेली क्रिस्टीन वॉल्श आणि त्यांची सरबराई करणारी डोनोव्हनची आई याच अज्ञानात वावरतात. किळस प्रेक्षकाच्या वाट्याला आली आहे. निवड मात्र त्या पात्रांना किळसेच्या आधाराशिवाय करावी लागते, आणि त्यांतली बरीच चुकतात.

आणि सगळे सरडे एकसारखेही नाहीत. मार्टिन आपल्याच नेत्यांविरुद्ध माणसांना मदत करतो. विली बिचारा अरबी शिकून आलेला, त्याला पाठवायचे होते अरबस्तानात आणि नेमणूक झाली लॉस एंजलिसला, त्यामुळे त्याचे इंग्रजी सारखे अडखळते. कारखान्यातील अपघातात कॅलेब टेलर या कामगाराला तोच वाचवतो. कातडीवरून माणूस ओळखू नये हे जॉन्सन यांनी दोन्ही बाजूंनी सांगितले आहे.

शास्त्रज्ञांच्या मुद्द्यावर मात्र माझ्याकडे तितके पक्के उत्तर नाही.

सूक्ष्मदर्शक

ते उत्तर मी देते. मी ठाण्यात राहते आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते. एप्रिल २०२० मध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटावर 'रुग्णालयात काम करणाऱ्यांनी काही दिवस बाहेर सोय पाहावी' असा निरोप आला. नाव लिहिलेले नव्हते, पण त्या इमारतीत रुग्णालयात जाणारी मी एकटीच होते. दुसऱ्या दिवशी कामावरून आले तर लिफ्टच्या दारावर कागद चिकटवलेला होता: रुग्णालय कर्मचाऱ्यांनी जिना वापरावा. सहाव्या मजल्यावर चढून गेले. माझ्या मुलीच्या बरोबरीची मुले गच्चीवर खेळत होती, ती तिला पाहून आईने हाक मारल्यासारखी एकदम खाली निघून गेली. त्याच महिन्यात केंद्र सरकारला अध्यादेश काढून १८९७ चा साथरोग कायदा दुरुस्त करावा लागला आणि आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ला दखलपात्र व अजामीनपात्र ठरवावा लागला, यावरून हे माझ्या एकटीचे नव्हते एवढे तरी मान्य व्हावे.

गिरगावकर, शास्त्रज्ञांचा द्वेष करणारा समाज कुठे आहे असे आपण विचारलेत. 'व्ही'मध्ये मॅक्सवेल कुटुंबाशी शेजारी बोलेनासे होतात, तो भाग मी त्या वर्षानंतर पुन्हा पाहिला आणि मध्येच बंद केला. जॉन्सन यांनी शास्त्रज्ञ निवडले ते सुरक्षित म्हणून निवडले असे मला वाटत नाही. कालपर्यंत ज्याच्याकडे मुलांना शिकवणीला पाठवले, त्याच्यापासून आज मुले लपवायला काहीही पूर्वद्वेष लागत नाही, फक्त भीती आणि वरून आलेली एक सूचना लागते, हे त्यांनी दाखवले. जुना आकस असलेला समूह घेतला असता तर 'आमच्यात तो आकस नाही' असे म्हणून प्रेक्षक सुटला असता.

गिरगावकर

सूक्ष्मदर्शक, आपल्यावर आलेला प्रसंग वाचून वाईट वाटले. माझा दुसरा आक्षेप मी मागे घेतो. तो पुस्तकी होता.

संध्यारंग, घटनाक्रमाविषयीचे आपले म्हणणे मी रात्री डिस्क लावून पडताळले आणि ते बरोबर आहे; शेवटपर्यंत शहराला सरडे दिसत नाहीत. पण त्यामुळेच तर माझी मूळ तक्रार अधिक बळकट होते. ज्यांनी दारे लावून घेतली त्यांना सत्य कळल्यावर काय वाटले, हे कुणीतरी सांगायलाच हवे होते. 'फायनल बॅटल'च्या पहिल्या भागात रुग्णालयातील समारंभात, थेट प्रक्षेपण चालू असताना पाहुण्यांच्या नेत्याचा मुखवटा जगासमोर फाडला जातो. जॉन्सन यांच्या हातून हा प्रसंग कसा झाला असता याची हळहळ मलाही आहे, पण तो प्रसंग मुळात नकोच होता असे मी म्हणणार नाही.

सूक्ष्मदर्शक

कळल्यावर काय वाटते ते मला माहीत नाही, कारण आमच्याकडे त्यावर पुढे कुणीच बोलले नाही. जूनमध्ये लिफ्टवरचा कागद गेला, तो कुणी काढला हेही समजले नाही. दुसऱ्या मजल्यावरच्या आजी मात्र पहिल्या दिवसापासून जिन्यात खुर्ची टाकून बसत, आणि मी वर चढताना 'थांब, दम घे' म्हणून फुलपात्रात पाणी पुढे करत. त्यांना त्यांच्या मुलाने फार बोल लावले. अब्राहमच्या घरातही तसेच घडते: मॅक्सवेल कुटुंबाला पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत ठेवायचे ठरते तेव्हा मुलगा घाबरून नाही म्हणतो आणि म्हातारा हटत नाही. संध्यारंग, आपण स्प्रेच्या डब्याचा प्रसंग निवडलात. मी बाप-लेकांच्या या भांडणाचा निवडला असता.